पन्नासपर्यंत आकडे पाठ आहेत, पण तीन वाट्या मागितल्या की अडतो: घरी काय खेळावे?

मल्टीतली आई, इंदूर:

सर्वांना नमस्कार. आम्ही इंदूरला एका मल्टीत तिसऱ्या मजल्यावर राहतो. मुलगा सव्वातीन वर्षांचा असून नर्सरीत जातो. मुलगी अजून दोन वर्षांची व्हायची आहे. मुलाला इंग्रजी आकडे पन्नासपर्यंत घडाघडा येतात आणि पाहुणे आले की ते त्याच्याकडून म्हणवूनही घेतले जातात. मात्र परवा पाने घेताना मी त्याला "तीन वाट्या आण" असे सांगितले, तेव्हा त्याने मांडणीवरून हाताला लागल्या तेवढ्या वाट्या आणून ठेवल्या. मोजायला सांगितल्यावर बोट दुसऱ्या वाटीवरून तिसरीवर जाईपर्यंत तोंड सातापर्यंत पोहोचले होते.

शाळेतून अंक गिरवण्याचे कागद येतात आणि तो ते कंटाळत भरतो. सासूबाईंचे म्हणणे आहे की अंकलिपी आणून त्याला रोज अर्धा तास बसवावे. यजमानांचे म्हणणे आहे की सहा वर्षांपर्यंत गणिताचे नावही काढू नये. मला या दोन्हींच्या मधले काहीतरी हवे आहे. मोबाइल नको, महागडे संच नकोत, आणि संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर स्वयंपाक करता करता जमेल असे हवे. धाकटीलाही त्यात घेता येईल का, हेही कळवावे. आणखी एक अडचण अशी की घरात मराठी, खाली खेळायला गेला की हिंदी आणि शाळेत इंग्रजी, तर मोजायचे कोणत्या भाषेत?


निवृत्त बालवाडीताई, इंदूर:

आपण वाट्यांचा प्रसंग इतका नेमका लिहिला आहे की उत्तर देणे सोपे झाले. आकडे म्हणणे आणि वस्तू मोजणे ही दोन वेगळी कौशल्ये आहेत, आणि सव्वातीन वर्षांच्या मुलात पहिले पुढे व दुसरे मागे असणे अगदी स्वाभाविक आहे. गेलमन आणि गॅलिस्टेल या मानसशास्त्रज्ञांनी १९७८ साली मोजणीची पाच तत्त्वे मांडली. त्यांतली तीन आपल्या कामाची आहेत: आकड्यांचा क्रम दर वेळी तोच राहतो, एका वस्तूला एकच आकडा मिळतो, आणि शेवटी उच्चारलेला आकडा हा सगळ्या समूहाची संख्या सांगतो. आपल्या मुलाचे पहिले तत्त्व पक्के आहे, दुसरे सुटते आहे आणि तिसरे बहुधा अजून यायचे आहे. तिसरे आले की नाही हे पाहण्याची सोपी रीत म्हणजे त्याने चार चमचे मोजल्यावर लगेच "मग किती झाले?" असे विचारणे. तो "चार" न म्हणता पुन्हा एकपासून मोजू लागला, तर त्याच्या लेखी मोजणे ही अजून एक म्हणण्याची गोष्ट आहे, उत्तर काढण्याची नाही.

"मला दोन दे", "मला तीन दे" असे मागून मुलांची समज पाहण्याची पद्धत कॅरन विन यांच्या १९९०च्या सुमाराच्या अभ्यासांमुळे रूढ झाली. त्यांत असे दिसले की मूल आधी फक्त "एक" बरोबर देते आणि पुढच्या कोणत्याही आकड्याला मूठभर देते. काही महिन्यांनी "दोन" पक्के होते, मग "तीन", आणि साधारण साडेतीन ते चार वर्षांच्या आसपास एकदम कोणतीही संख्या मोजून देण्याची किल्ली हाती लागते. म्हणून दहा, वीस, पन्नास विसरून जा आणि सध्या एक ते चारमध्येच रमा.

सुरुवात आकड्याशिवायच करावी. "प्रत्येक ताटाशेजारी एक वाटी ठेव" एवढेच सांगावे. वाटी उरली, कमी पडली, बाबांचे ताट वाटीविना राहिले, हे त्याला स्वतःला दिसते आणि आपल्याला चूक काढावी लागत नाही. जोडे लावताना एका पायाला एक जोडा, डब्यांना झाकणे, भावाला एक पोळी आणि बहिणीला एक पोळी, हे सगळे त्याच जातीचे आहे. हे हाताला बसले की मोजणी आणावी. मोजताना वस्तू एका बाजूने उचलून दुसऱ्या बाजूला ठेवायला लावाव्यात. नुसत्या बोटाने मोजणाऱ्या मुलाचे तोंड धावते. वस्तू उचलावी लागली की तोंडाला हातासाठी थांबावे लागते.

बोलण्याचीही एक रीत आहे. आपण सहसा "एक, दोन, तीन" म्हणून गप्प बसतो. त्याऐवजी आधी संख्या सांगावी, मग मोजावे आणि पुन्हा संख्या सांगावी: "हे तीन बटाटे. एक, दोन, तीन. तीन बटाटे." त्याने दोन दिले आणि आपण तीन मागितले असतील, तर "चुकले" म्हणू नये; "ही एक, ही दोन, दोन झाली; मला तीन हवी होती, आता काय करू या?" असे म्हणून थांबावे. थांबणे महत्त्वाचे आहे, आणि घाईच्या संध्याकाळी तेच सर्वांत कठीण असते, हे मलाही ठाऊक आहे.

आपल्याकडे हिवाळ्यात बटल्यांची, म्हणजे मटाराच्या शेंगांची, पोती घरात येतात, त्यांचा मला फार उपयोग झाला आहे. शेंग सोलण्याआधी मुलाच्या हातात द्यावी आणि अंगठ्याने फुगवटे चाचपून आत किती दाणे असतील ते सांगायला लावावे. मग शेंग शिवणीवर दाबून उघडावी. दाणे आत ओळीने चिकटलेले असतात, ते घरंगळत नाहीत, त्यामुळे मोजायला सव्वातीन वर्षांच्या बोटांनाही जमतात. टोकाला एखादा टाचणीच्या डोक्याएवढा न भरलेला दाणा असतो. तो मोजायचा की नाही यावर माझ्या वर्गात फार कडाक्याचे वाद होत असत, आणि मी निकाल देत नसे. जे ठरेल ते पुढच्या प्रत्येक शेंगेला लावायचे, एवढी एकच अट असे. अंदाज करणे, पडताळणे आणि नियम ठरवून पाळणे हे सगळे त्या एका शेंगेत येते, आणि संध्याकाळच्या भाजीचे बटलेही सोलून होतात.

वर्गीकरणासाठी तर इंदूरच्या घराला काही विकत आणायची गरजच नाही. आपल्याकडे कचरागाडीत ओला, सुका, प्लास्टिक असे वेगवेगळे टाकावे लागते आणि २०१७ पासून स्वच्छतेत शहराचा पहिला क्रमांक येत गेला तो याच सवयीवर. केळीचे साल, वर्तमानपत्राचा तुकडा आणि दुधाची रिकामी, धुतलेली पिशवी मुलासमोर ठेवून "हे कुठे जाईल आणि का?" असे विचारावे. "का" विचारल्याशिवाय वर्गीकरण पुरे होत नाही. पुढे तेच मोजे, भाज्या, चमचे यांवर करावे, आणि एकदा रंगाने लावलेले मोजे दुसऱ्यांदा लहान-मोठ्याने लावायला सांगावे. एकच ढीग दोन तऱ्हांनी लागू शकतो हे कळणे चारही वर्षे न झालेल्या मुलासाठी मोठी गोष्ट आहे.

धाकटीला पातेली आणि झाकणे द्या, एकात एक बसणारे डबे द्या. "रिकामा", "भरला", "आणखी", "संपले", "आत", "खाली", "मोठे झाकण" हे शब्द तिच्या हातातल्या वस्तूकडे पाहून बोला. जिना चढताना पायरीगणिक एक आकडा मोठ्याने म्हणा. तिसरा मजला आहेच. सुसान लेव्हिन आणि सहकाऱ्यांनी २०१० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १४ ते ३० महिन्यांच्या मुलांशी आईवडील घरात संख्यांविषयी किती बोलतात ते नोंदले होते. ज्या घरांत हे बोलणे अधिक होते, तिथल्या मुलांना ४६ व्या महिन्यात संख्याशब्दांचा अर्थ अधिक चांगला कळत होता. पुढच्या विश्लेषणात असेही दिसले की समोर दिसणाऱ्या वस्तूंबद्दलचे बोलणे विशेष उपयोगी पडते, नुसते आकडे म्हणणे नव्हे.

भाषेचा प्रश्न मात्र फार मनाला लावून घेऊ नये. "तीन" आणि "थ्री" हे एकाच गोष्टीचे शब्द आहेत हे मुलांना लवकर कळते. तीन म्हणजे किती हे एकदा समजले की ते दुसऱ्या भाषेत पुन्हा शिकावे लागत नाही. आपण ज्या भाषेत सहज बोलता तिच्यात, म्हणजे मराठीत, दहापर्यंत मोजा. एकाच मोजणीत भाषा बदलू नका, एवढे पुरे.


ईएनटीतील परिचारिका:

ताईंचे म्हणणे सर्वस्वी मान्य आहे, परंतु घरात दोन वर्षांखालील मूल आहे म्हणून मध्येच लिहिते. बटले, हरभरे, राजमा, शेंगदाणे, मणी, बटणे ही मोजायला सोयीची वस्तू आणि नाकात घालायलाही तितकीच सोयीची. कोरडे कडधान्य नाकात ओलाव्याने फुगते आणि काढणे अवघड होते. धाकटी जागी असताना मोठ्याचे बटले ओट्यावर किंवा उंच टेबलावरच मोजावेत आणि खेळ संपल्यावर जमीन पाहून घ्यावी. तीन वर्षांखालच्या मुलासाठी वस्तू अशी निवडावी की ती तोंडात पूर्ण मावणार नाही: बटाटे, वाट्या, लिंबे, चेंडू, मोजे. द्राक्षे खायला द्यायची असतील तर उभी चिरून द्यावीत. अख्खे द्राक्ष लहान घशात नेमके अडकते. अंक उच्चारणारी बॅटरीवरची खेळणी बरीच घरी येतात, त्यांच्या बॅटरीचे झाकण स्क्रूने बंद होते की नाही ते अवश्य पाहावे. गिळलेला बटणसेल अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांतच गंभीर भाजू शकते. अशा वेळी वाट न पाहता रुग्णालय गाठावे.


पुठ्ठा जमवणारा बाबा, इंदूर:

मी शिक्षक नाही, पण घरात चार वर्षांची मुलगी आहे आणि पुठ्ठ्याची खोकी टाकवत नाहीत, तेव्हा एका खेळाविषयी लिहितो. एका लांब पुठ्ठ्यावर एका ओळीत दहा समान घरे आखावीत, डावीकडून उजवीकडे १ ते १० लिहावे. एका लाकडी ठोकळ्याच्या तीन बाजूंवर एक ठिपका आणि तीन बाजूंवर दोन ठिपके काढले की फासा झाला. बाटलीची दोन मोठी झाकणे सोंगट्या म्हणून पुरतात. ठोकळा टाकायचा, तेवढी घरे पुढे जायचे, दहावर पहिला पोहोचेल तो जिंकला. एक डाव काही मिनिटांत संपतो, म्हणून हरल्याचे रडणेही लवकर आटोपते.

यात खरी गंमत मोजण्याच्या पद्धतीत आहे. सोंगटी ५ वर असताना दोन पडले, तर आपण सवयीने "एक, दोन" म्हणत पुढे जातो. तसे न करता ज्या घरावर पाऊल पडते त्याचाच आकडा म्हणावा: "सहा, सात." सीग्लर आणि रामानी यांनी २००८ साली अमेरिकेतील गरीब वस्त्यांतल्या बालवाडीच्या मुलांबरोबर असाच सरळ रेषेतला खेळ केवळ दोन आठवड्यांत थोडा थोडा वेळ खेळून पाहिला. आकडे असलेल्या पट्टीवर खेळलेली मुले संख्यांची तुलना करण्यात आणि संख्यारेषेवर त्यांची जागा दाखवण्यात पुढे गेली. नुसत्या रंगांच्या पट्टीवर खेळलेल्यांमध्ये तो फरक पडला नाही. पुढे गोल पट आणि सरळ पट यांची तुलना झाली, तीत सरळ पटच सरस ठरला. घरांचे आकडे म्हणत जाण्याचा फायदाही नंतरच्या अभ्यासात दिसला आहे.

या दृष्टीने आपली सापशिडी सव्वातीन वर्षांसाठी मला योग्य वाटत नाही. तिच्यात एक ओळ डावीकडून उजवीकडे जाते आणि पुढची उलटी येते, शिवाय शंभरापर्यंत आकडे. मूल सोंगटी कुठल्या दिशेला न्यायची यातच गुंतते आणि संख्या वाढते आहे हे हरवून जाते. ल्यूडोच्या घरांवर तर आकडेच नसतात. दोन्ही खेळ पाच-सहा वर्षांनंतर जरूर खेळावेत. शाळेच्या कागदांबद्दल एवढेच सांगतो की २०२२ च्या पायाभूत स्तरावरील राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात तीन ते सहा वर्षांच्या मुलांना नेमलेली पाठ्यपुस्तके नसावीत असेच म्हटले आहे आणि शिकणे खेळातून व्हावे यावर भर आहे. पालकसभेत हे सौम्यपणे विचारता येईल.


पाढेवाले आजोबा, ग्वाल्हेर:

वरील चर्चा वाचून आनंद झाला, परंतु पाठांतराची इतकी उपेक्षा मला पटत नाही. आमच्या पिढीने अंकलिपीतून उजळणी म्हटली, पावकी-निमकी (पावाचे आणि अर्ध्याचे पाढे) म्हटली, आणि बाजारातले हिशेब आजही तोंडी होतात. मुलाला पन्नासपर्यंत येत असेल तर त्याचे कौतुकच व्हावे. शिवाय मराठी आकडे दहाच्या पुढे कठीण आहेत. एकोणीस, एकोणतीस कानावरून गेल्याशिवाय येतीलच कसे? २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात "वीस एक, वीस दोन" असे वाचन सुचवले गेले तेव्हा केवढा गदारोळ झाला, हे आपणा सर्वांना आठवत असेल. सुनेच्या सासूबाईंना इतके मोडीत काढू नये, ही विनंती.


निवृत्त बालवाडीताई, इंदूर:

आजोबा, आपला आक्षेप रास्त आहे आणि सासूबाईंना मोडीत काढण्याचा माझा मुळीच हेतू नव्हता. क्रम पाठ असणे हे पाच तत्त्वांपैकी एक आहेच. तो नसेल तर मोजणी उभीच राहत नाही. माझा मुद्दा वेळेच्या वाटणीचा आहे. आकडे जिन्यावर, आंघोळीत, झोक्यावर जितके म्हणाल तितके चांगले, त्यासाठी बसवावे लागत नाही. बसवून घेतलेला अर्धा तास मात्र हाताच्या कामाला द्यावा, कारण त्या वयात बसण्याची शिदोरी फार थोडी असते. एकोणीस-एकोणतीस या आकड्यांची घाई नको असे मी म्हणते तेही याचसाठी: "वीसला एक कमी" ही कल्पना ज्याला वीस वस्तू समोर दिसतात त्यालाच गंमतीची वाटते. पावकी-निमकीचे बीज पेरायचे असेल तर पोळीपासून सुरुवात करावी. अर्धी, चतकोर, पाऊण हे शब्द आपल्या स्वयंपाकघरात रोज वापरले जातात. पोळी मुलासमोर दुमडून, घडीवर तोडून "ही अर्धी, ही पण अर्धी, दोन्ही सारख्या आहेत का बघ" असे म्हणावे. तुकडे एकमेकांवर ठेवून पाहू द्यावेत. असमान तोडलेली पोळी दाखवून "ही अर्धी आहे का?" असे विचारले तर मुले फार रागाने "नाही" म्हणतात, विशेषतः मोठा तुकडा भावंडाकडे गेला असेल तर. सासूबाई पोळ्या करत असतील तर हा पाठ त्यांच्याच हाती द्यावा.


मल्टीतली आई, इंदूर:

सर्वांचे आभार. ताटावाटीचा खेळ आणि पुठ्ठ्याची पट्टी आजच सुरू केली. सासूबाईंना पोळीची कल्पना फारच आवडली. एक गोष्ट मात्र चक्रावणारी घडली. मी चार लिंबे माझ्यासमोर जवळजवळ आणि चार त्याच्यासमोर तशीच मांडली. "दोघांकडे सारखीच आहेत ना?" असे विचारल्यावर तो "हो" म्हणाला. मग मी माझी लिंबे लांब लांब सरकवली, तर लगेच "तुझ्याकडे जास्त आहेत" म्हणून तक्रार सुरू झाली. मोजून दाखवले, दोन्हीकडे चार आले, तरी तो आपल्या म्हणण्यावर ठाम. हे कसे समजावून सांगावे?


निवृत्त बालवाडीताई, इंदूर:

समजावून सांगू नये. मानसशास्त्रज्ञ पियाजे यांनी हाच प्रयोग मुलांवर केला होता आणि पसरलेली रांग मोठी वाटणे हे पाच-सहा वर्षांपर्यंत सर्रास आढळते. या वयात मूल संख्येपेक्षा रांगेच्या लांबीवर विश्वास ठेवते. आपण मोजून सिद्ध करू लागलो की ते आपल्याला खूश करण्यासाठी "हो" म्हणायला शिकते, त्याचे मत बदलत नाही. त्याऐवजी प्रत्येक लिंबासमोर त्याचे एक लिंबू त्याच्याच हाताने सरकवायला द्यावे आणि कुणाचे जोडीशिवाय उरले का, एवढेच पाहायला सांगावे. नंतर लिंबे पुन्हा गोळा करून टोपलीत टाकावीत आणि विषय सोडून द्यावा. काही महिन्यांनी सहज पुन्हा मांडून बघा. दरम्यान तीनच लिंबांनी खेळलात तर बहुधा तो फसणार नाही, कारण तीन वस्तू मोजाव्या लागत नाहीत, एका नजरेत कळतात. तिथून चारवर जाणे त्याला सोपे पडेल. धाकटीला सालासकट लिंबू दिले तरी चालेल, फक्त ती चावून बघणार हे गृहीत धरा.